एकच लॉगिन, तीन दारं: सुरू करण्याआधी काय काय तपासावं?

देवराई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचकमंडळाचा चर्चाकट्टा, जुन्या दिवाळी अंकांचा संग्रह आणि कार्यक्रमांची नावनोंदणी ही तीन कामं आजवर तीन वेगळ्या प्रणालींवर चालत आली. तीन सदस्यनामं, तीन पासवर्ड. प्रत्यक्षात बहुतेकांनी तिन्हीकडे एकच पासवर्ड ठेवलाय, त्यामुळे सगळ्यात कच्च्या ठिकाणाहून तो फुटला की बाकीची दोन्ही गेलीच म्हणायची. म्हणून आता सगळ्यांसाठी एकच लॉगिन करतोय. मध्ये कीक्लोक, म्हणजे सगळ्यांच्या वतीने लॉगिन सांभाळणारी प्रणाली, आणि तिन्ही ठिकाणं त्याला ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या प्रमाण पद्धतीने जोडलेली. कट्टा डिसकोर्स या तयार चर्चा-प्रणालीवर आहे, बाकी दोन्ही पीएचपी भाषेत लिहिलेली.

स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या प्रतीवर, लॉगिन व्यवस्थित होतंय. पण त्यावरून एवढंच कळतं की खरा सदस्य खरा पासवर्ड टाकून आत जातो. भलताच कुणी त्याच्या नावाने आत जाऊ शकतो का, हे त्यातून कळत नाही, आणि मला काळजी त्याचीच आहे. २०१८ साली फेसबुकची लॉगिन टोकन्स, म्हणजे लॉगिन झाल्याच्या डिजिटल पावत्या, चोरीला गेली. आधी पाच कोटी खात्यांची शंका होती, नंतर आकडा तीन कोटींवर आला. 'फेसबुकने लॉगिन करा' असं बटण ठेवलेल्या बाहेरच्या संकेतस्थळांनाही तेव्हा आपापलं तपासत बसावं लागलं. तिथे कुणी शिरल्याचा पुरावा मिळाला नाही, पण एका ठिकाणची चूक किती दारं उघडू शकते ते सगळ्यांना दिसलं.

तांत्रिक नसलेल्या सदस्यांसाठी थोडक्यात सांगते. कट्ट्यावर 'लॉगिन' दाबलं की ब्राउझर कीक्लोककडे जातो. पासवर्ड फक्त तिथेच टाकायचा. कीक्लोक ब्राउझरच्या हाती एक अल्पायुषी कोड देऊन त्याला कट्ट्याकडे परत पाठवतो. मग कट्ट्याचा सर्व्हर तो कोड थेट कीक्लोकला दाखवून टोकन घेतो. कट्ट्याला पासवर्ड कधीच कळत नाही.

'परत पाठवतो' ही जागा मी सगळ्यात आधी तपासली. परतीचा पत्ता, म्हणजे रीडायरेक्ट यूआरआय, कीक्लोकमध्ये नोंदवताना शेवटी तारांकन टाकायची सोय आहे, आणि घाईत बरेच जण ते टाकतात. मग त्या डोमेनवरच्या कुठल्याही पानावर कोड जाऊन पडू शकतो. आम्ही तिन्ही ठिकाणांचा अक्षरन् अक्षर पूर्ण पत्ता नोंदवलाय. मग मुद्दाम वाकडे पत्ते दिले: एचटीटीपीएसचं एचटीटीपी केलं, शेवटी एक तिरपी रेघ वाढवली, आपल्या डोमेनच्या पुढे दुसरंच डोमेन चिकटवलं. प्रत्येक वेळी कीक्लोकने स्वतःच्याच पानावर त्रुटी दाखवली आणि कुठेही पाठवलं नाही. ओपनआयडी कनेक्ट ज्यावर उभं आहे त्या ओऑथच्या सुरक्षेचा जो प्रमाण दस्तऐवज, आरएफसी ९७००, जानेवारी २०२५ मध्ये आला, तोही पत्ता तंतोतंत जुळलाच पाहिजे असं सांगतो.

याशिवाय तुम्ही काय तपासाल? जाणकारांनी निःसंकोच लिहावं.

कृष्णाकाठ

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

देवराईताई, दोन ब्राउझरची चाचणी केलीत का? फायरफॉक्समध्ये लॉगिन करा, पण कीक्लोककडून परत येतानाचा पत्ता उघडू देऊ नका, मध्येच थांबवा. ब्राउझरची ये-जा मध्येच अडवणारं बर्प किंवा झॅप वापरलंत तर सोपं जाईल. तो पत्ता जसाच्या तसा क्रोममध्ये चिकटवा. तिथे लॉगिन झालं तर गडबड आहे.

पत्त्यात 'स्टेट' नावाची एक चिठ्ठी असते. निघताना ती त्या ब्राउझरच्या सेशनमध्ये (त्याच्या त्या भेटीच्या नोंदीत) ठेवायची आणि परत आल्यावर जुळवून बघायची. पुष्कळ ठिकाणी ती तयार होते, पत्त्यात दिसते, पण परतल्यावर कुणी जुळवतच नाही. मग कुणीही स्वतःच्या खात्याचा परतीचा पत्ता तुमच्या सदस्याला पाठवू शकतो. सदस्याने तो उघडला की तो नकळत त्या माणसाच्या खात्यात लॉगिन होतो, आणि नावनोंदणीच्या फॉर्मात घरचा पत्ता, फोन, मुलांची वयं भरून मोकळा होतो. ते सगळं जमा होतं त्या दुसऱ्या माणसाकडे.

दुसरी चाचणी टोकनची. नावनोंदणीसाठी मिळालेलं टोकन उचलून संग्रहाला द्या. त्यावरची कीक्लोकची डिजिटल सही खरी आहे, मुदत शिल्लक आहे, पण ते टोकन संग्रहासाठी दिलेलं नाही. टोकनमधला 'ऑडियन्स', म्हणजे ते कुणासाठी दिलंय ही नोंद, तपासत असाल तरच संग्रह ते नाकारेल. मग टोकनच्या शिरोभागात सहीच्या पद्धतीऐवजी 'नन' (काहीच नाही) लिहून, सही काढून टाकून पाठवा. २०१५ मध्ये टोकन तपासणाऱ्या कितीतरी तयार कोड-लायब्ररी असं बिनसहीचं टोकन खरं मानत होत्या. सहीची पद्धत टोकनने सांगायची नसते, ती तुमच्या कोडमध्येच पक्की लिहिलेली हवी.

देवराई

कृष्णाकाठ, मनापासून आभार. दोन्ही लगेच करून पाहिलं.

टोकनच्या दोन्ही चाचण्यांत तिन्ही ठिकाणं पास. दोन ब्राउझरच्या चाचणीत कट्टा आणि नावनोंदणी पास झाले, संग्रहाने मात्र तो पत्ता मुकाट्याने घेतला! तिथे वापरलेल्या तयार जोडणीत 'स्टेट' बनतं, सेशनमध्येही जातं, पण जुळवण्याचं काम वापरणाऱ्यावर सोडलेलं आहे. ते आता घातलंय. हे पाहिल्यावर नकाराच्या सगळ्या चाचण्या प्लेराइटमध्ये, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनात, लिहायला घेतल्यात. कीक्लोकची किंवा डिसकोर्सची आवृत्ती बदलली की त्या आपोआप चालतील.

अक्षरवेडी

सही बरोबर असली तरी पुरत नाही, याचं मोठं उदाहरण 'साइन इन विथ ॲपल'चं. २०२० मध्ये एका भारतीय संशोधकाने दाखवून दिलं की ॲपलकडे कुठलाही ईमेल पत्ता सांगून टोकन मागता येत होतं, आणि ॲपल त्यावर आपली खरी सही करून देत होतं. त्याला एक लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. टोकन अस्सल, पण त्यातला माणूस दुसराच.

म्हणून माझा आग्रह आहे की ईमेल म्हणजे माणूस असं कुठेही धरू नका. तुम्ही 'गुगलने लॉगिन करा' किंवा 'मायक्रोसॉफ्टने लॉगिन करा' ठेवणार असाल तर विशेष सांभाळा. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनबाबत हेच उघडकीला आलं. तिथे स्वतःच्या संस्थेचा प्रशासक खात्यात कुठलाही ईमेल लिहू शकत होता, तो त्याचाच आहे याची खातरजमा न होता. ज्या संकेतस्थळांनी फक्त ईमेल जुळवून सदस्य ओळखला, तिथे दुसऱ्याच्या खात्यात शिरता येत होतं. ओळख पटवायला टोकनमधला 'सब' हा न बदलणारा आयडी आणि तो कुणी दिला, या दोघांची जोडीच वापरायची. ईमेल फक्त पत्रव्यवहारापुरता.

कीक्लोकमध्ये गुगलसारखा बाहेरचा लॉगिन-पुरवठादार जोडताना 'ट्रस्ट ईमेल' नावाचं एक बटण असतं. ते बंदच राहू द्या. मग ईमेल आधीच्या एखाद्या खात्याशी जुळला तर कीक्लोक सदस्याला विचारतो आणि ईमेलवरच्या दुव्याने किंवा जुन्या पासवर्डने खात्री करून घेतो.

आणि उलट बाजूही तपासा. मी तुमचा ईमेल टाकून, तो पडताळून न घेता, आज खातं उघडून ठेवलं. दोन महिन्यांनी तुम्ही गुगलने लॉगिन केलंत आणि प्रणालीने दोन्ही खाती एक केली. माझा पासवर्ड अजून चालतो का? २०२२ मध्ये एका अभ्यासात ७५ लोकप्रिय सेवा तपासल्या, तर त्यातल्या किमान ३५ ठिकाणी या जातीची फट निघाली. ईमेल पडताळल्याशिवाय खातं वापरता येऊ नये, आणि दोन खाती एक होताना जुने पासवर्ड आणि जुनी सेशन्स रद्द व्हावीत.

नाचणी

सगळे टोकनमध्ये रमलेत, पण आपण मराठी माणसं आहोत, सदस्यनामं देवनागरीत असणार. तिथे काय तपासलंत?

'दऱ्याखोऱ्या' हे सदस्यनाम घ्या. यातला ऱ्य दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत पायमोड्या र साठीचं स्वतंत्र अक्षर ऱ, मग हलन्त, मग य. दुसरीत साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, आणि मग य. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळी नावं. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, या दोघांना एक करत नाही. म्हणजे 'दऱ्याखोऱ्या' नावाचे जुने संपादक असताना अगदी तसंच दिसणारं दुसरं नाव कुणीही घेऊ शकतो आणि सदस्यांना व्यक्तिगत निरोप पाठवू शकतो.

बरं, अदृश्य चिन्हं सरसकट उडवून टाकावीत म्हटलं, तर दऱ्याचा दर्या होतो. डोंगरातून थेट समुद्रात. तेव्हा आधी र, हलन्त, जोडक या तिकडीचं ऱ आणि हलन्त असं रूपांतर करायचं आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हं काढायची.

हेच 'ॲ'चं. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने बरेच जण अजूनही अ लिहून त्यावर चंद्र देतात. काही फोनवर दोन्ही सारखे दिसतात, काहींवर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. हे दोन्हीही युनिकोडच्या लेखी वेगळेच.

स्पॉटिफायचं २०१३ चं प्रकरण या संदर्भात वाचण्यासारखं आहे. तिथे 'बिगबर्ड' हे नाव आधीच कुणाचं तरी होतं. दुसऱ्याने तेच नाव युनिकोडमधल्या उंचावलेल्या कॅपिटल अक्षरांत लिहून खातं उघडलं, मग पासवर्ड बदलायचा दुवा मागवला, आणि पासवर्ड बदलला तो मूळ बिगबर्डचा. नाव साधं करणारं फंक्शन एकदा चालवलं तर एक उत्तर आणि त्याच उत्तरावर पुन्हा चालवलं तर वेगळं उत्तर देत होतं. म्हणून तुमच्या रूपांतराचीही हीच चाचणी घ्या: एकदा चालवा, पुन्हा चालवा, उत्तर तेच राहिलं पाहिजे. आणि तिन्ही ठिकाणी एकच फंक्शन वापरा.

कृष्णाकाठ

नाचणी, उपाय बरोबर आहे, पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा लॉगिनचं नाव रोमन अक्षरांतच सक्तीचं करावं आणि देवनागरी फक्त दिसण्यापुरतं ठेवावं असं माझं मत. चाचण्या निम्म्या होतील.

नाचणी

पटत नाही. फसवणूक दिसणाऱ्या नावावरूनच होते, त्यामुळे ते तपासणं टळत नाही. आणि मराठी वाचकांच्या घरात आपलं नाव मराठीत लिहून शिरता येऊ नये, हे मला मान्यच होणार नाही. दोन नियम लिहायचे आहेत, ते लिहू या.

पासवर्डचंही बघा. पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा उलट न फिरवता येणारा ठसा, म्हणजे हॅश, साठवतात. संग्रहाची जुनी खाती पीएचपीच्या पासवर्ड-हॅशने साठवली असतील तर तिथे बहुधा बीक्रिप्ट ही हॅशची पद्धत असणार. बीक्रिप्ट पहिली ७२ बाइटच बघतो. रोमन अक्षराला एक बाइट लागते, देवनागरी चिन्हाला यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणीत तीन. 'विठ्ठल' या शब्दात व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. चार वेळा विठ्ठल लिहिलं की ७२ भरली. त्यापुढे काहीही लिहा, चालून जातं. चाचणी खात्यावर करून पाहा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्टा या लॉगिन-सेवा देणाऱ्या कंपनीने जाहीर केलेली त्रुटी याच जातीची होती. एका ठिकाणी आयडी, सदस्यनाम आणि पासवर्ड सलग जोडून बीक्रिप्टला दिले जात होते. सदस्यनाम ५२ अक्षरांचं किंवा त्याहून मोठं असलं, तर काही परिस्थितीत पासवर्डकडे बघितलंच जात नव्हतं. ती त्रुटी जुलैपासून होती. देवनागरी नावाला तर ५२ अक्षरांचीही गरज नाही.

देवराई

नाचणी, विठ्ठलाची चाचणी केली. जुन्या संग्रहात पाचव्या शब्दाच्या जागी काहीही टाकलं तरी दार उघडतंय. कीक्लोक २५ पासून नव्या पासवर्डना अर्गॉन२ ही हॅशची नवी पद्धत वापरतो, त्याला ही मर्यादा नाही. जुने हॅश पहिल्या लॉगिनपुरते ओळखायचे आणि त्याच वेळी अर्गॉन२ने नव्याने साठवायचे, असं ठरवलंय. नावनोंदणीतले हॅश एमडी५ या जुन्या, कच्च्या पद्धतीचे आहेत, ते मात्र आणणारच नाही. त्या सदस्यांनी ईमेलच्या दुव्याने नवा पासवर्ड करावा.

सदस्यनामं देवनागरीत राहतील. दोन्ही नियम घातले आणि आधीच्या सगळ्या नावांवर चालवून पाहिले, तर एकसारखी दिसणारी काही जोडपी खरोखरच निघाली. बहुतेक एकाच माणसाची फोनवरून आणि संगणकावरून उघडलेली खाती दिसतात, पण प्रत्येकाला विचारूनच एकत्र करू.

टोरांटोकर

मंडळातले आम्ही बाहेरदेशी असलेले सदस्य कमी नाही. कृपा करून एसएमएस ओटीपी सक्तीचा करू नका. भारतातला नंबर बरेच जण देश सोडताना बंद करतात, काही काळाने तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो आणि आपला ओटीपी त्याच्या हातात. ज्यांचा नंबर चालू आहे त्यांनाही रोमिंगवर निरोप येईलच याची खात्री नसते.

देवराई

टोरांटोकर, एसएमएस ठेवतच नाही. दर ३० सेकंदांनी बदलणारा ॲपमधला कोड किंवा पासकी, दोन्ही चालेल. सर्वसाधारण सदस्यांना ऐच्छिक, संपादक आणि प्रशासकांना सक्तीचं. पासकी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने चालते आणि ज्या डोमेनसाठी बनवली तिथेच चालते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती देताच येत नाही. ज्येष्ठांना कोड टंकण्यापेक्षा हे सोपंही जातंय, असं चाचणीला बसलेल्या काकूंनी सांगितलं.

पारावरचा

मी एका दुसऱ्या समूहाचा डिसकोर्स सांभाळतो, तिथे कीक्लोक नाही, डिसकोर्सची स्वतःची एकल लॉगिनची सोय, डिसकोर्सकनेक्ट आहे. तुमचा मार्ग वेगळा असला तरी दोन गोष्टी उपयोगी पडतील.

डिसकोर्सकनेक्टमध्ये सदस्याची माहिती बेस६४ या सहज उलगडता येणाऱ्या रूपात पत्त्यातूनच जाते. तिच्यावर सही असते, पण ती गुप्त नसते. सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) सगळ्यांचे ईमेल साठत जातात, आणि लॉग आपण मदतीसाठी कुणालाही पाठवतो. तुमच्याकडे पत्त्यातून कोड आणि स्टेट जातं, तेही लॉगमध्ये झाकून टाका. परतीच्या पानावर बाहेरची चित्रं किंवा स्क्रिप्ट नसावी, नाहीतर 'कुठल्या पानावरून आलो' हे सांगणाऱ्या रेफररमधून पत्ता बाहेर जातो.

दुसरं, लॉगिनचा सर्व्हर पडला तर प्रशासक आत कसा जाणार? डिसकोर्समध्ये प्रशासकाला ईमेलवर दुवा मागवून आत जाता येतं. ती वाट एकल लॉगिनला वळसा घालते, तेव्हा प्रशासकांचे ईमेल किती सुरक्षित आहेत ते आधी बघा. आणि कीक्लोक मुद्दाम बंद करून ही वाट चालते का, तेही एकदा करून पाहा.

अक्षरवेडी

लॉगआउट विसरू नका! एखाद्याला बंदी घातली, कीक्लोकमधलं खातं बंद केलं, तरी कट्ट्याने दिलेली कुकी आपली आपली चालूच राहते. तो माणूस लिहीतच राहील. चाचणी अशी: एक खातं तिन्हीकडे लॉगिन करून ठेवा, कीक्लोकमधून बंद करा, आणि तिन्ही ठिकाणी पान ताजं करून बघा.

आणि वारंवार चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याला रोखणं कीक्लोकमध्ये मुळात बंद असतं, ते चालू करावं लागतं. कायमची टाळेबंदी मात्र नको, तात्पुरता विलंब ठेवा. नाहीतर अध्यक्षांच्या नावावर मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून कुणीही त्यांना बाहेर ठेवेल. 'पासवर्ड विसरलात?' च्या पानाने ईमेल नोंदलेला असो वा नसो, एकच उत्तर द्यावं.

देवराई

अक्षरवेडी, बंदीच्या चाचणीत तिन्ही ठिकाणं नापास. नावनोंदणी आणि संग्रहाला बॅकचॅनल लॉगआउट जोडलं, म्हणजे सेशन संपल्याचं कीक्लोक त्यांच्या सर्व्हरना थेट कळवतो. कट्ट्यासाठी, बंदी घातली की डिसकोर्सच्या एपीआयमधून (प्रोग्रामने आज्ञा देण्याच्या सोयीतून) त्या सदस्याला बाहेर काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. आता तिन्ही पास.

सेशनचा कालावधी जसा मिळतो तसा ठेवला तर अर्धा तास हात न लावल्यास आणि जास्तीत जास्त दहा तासांनी कीक्लोकचं सेशन संपतं. लांब लेख लिहिणाऱ्यांची अडचण लक्षात घेऊन वाचन-लेखनासाठी मुदत वाढवली, पण ईमेल किंवा पासवर्ड बदलताना पुन्हा ओळख विचारली जाईल.

कृष्णाकाठ

लॉगचं काय ठरलं? सर्ट-इन या सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवणं आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं आहे. मंडळ लहान असलं तरी कुणी कुणाला फोन करायचा हे आधीच लिहून ठेवा. रात्री अडीच वाजता सापडलं तर सहा तास झोपेतच जातात.

देवराई

१८० दिवस ठेवतोय, कोड आणि ईमेल झाकून. फोनची यादी तिघांकडे छापील आहे.

आता एकच प्रश्न उरलाय: ज्यांचा जुना ईमेल बंद पडलाय ते सदस्य. 'अहो, मीच तो, तुम्ही मला ओळखता' असे निरोप यायला लागलेत आणि त्यातले बरेचसे खरेच असणार. तरीही निरोपावरून किंवा कुणाच्या शब्दावरून ईमेल बदलून दिला जाणार नाही. जुन्या प्रणालीत अजून लॉगिन होत असेल तर तिथूनच नवा ईमेल जोडा, त्यासाठी ती बाजू महिनाअखेरपर्यंत चालू आहे. तेही जमत नसेल तर नवं खातं उघडा. जुनं लेखन जुन्याच नावाने राहील, आणि व्यवस्थापनातल्या दोघांनी व्हिडिओ कॉलवर स्वतंत्रपणे खात्री केल्यावरच ते नव्या खात्याला जोडलं जाईल. जोडण्याआधी सात दिवस जुन्या ईमेलवर आणि जुन्या खात्यावर सूचना राहील, म्हणजे खरा मालक दुसराच कुणी असला तर त्याला हरकत घेता येईल. ज्यांना ही अडचण आहे त्यांनी इथे ईमेल लिहू नये, व्यवस्थापनाला व्यक्तिगत निरोप करावा.